सीतापारचा दगड आणि जर्मन मुळाक्षरे

पांढुर्ण्याचे नाव काढले की परगावच्या माणसास प्रथम गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवावयाचे, दोन्ही तीरांवरून पांढुर्णा व सावरगाव येथील लोकांनी परस्परांवर धोंडे फेकावयाचे आणि अखेरीस झेंडा चंडीमातेस अर्पण करावयाचा, ही वार्ता दरसाल वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. सौंसरचे नाव काढले की भाविकास जामसावळीचा निजलेला मारुती आठवतो. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा मनुष्य तेथे उतरल्यावाचून सहसा पुढे जात नाही. एका ठिकाणी दगड हातात घेतला जातो, दुसऱ्या ठिकाणी दगडापुढे मस्तक नमते. ह्या मुलखातील दगडाची आणखी एक कथा आहे. ती आमच्या कीर्तनांत आली नाही, आमच्या बखरींतही आली नाही. ती इंग्रजीत लिहिली गेली, जर्मनमध्ये तपासली गेली आणि स्वीडनमध्ये तिचा निकाल लागला. तो निकाल काय लागला आणि तो समजण्यासाठी कोणत्या दोन विद्या अंगी असाव्या लागत होत्या, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

प्रथम मुलखाविषयी थोडे. पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन तहसिली दीर्घकाळ छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना येथील माणसाचे न्यायालय, बाजार आणि पुढे १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठही नागपुरासच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली ह्या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सीमेची रेषा घराच्या अंगणातून गेल्यावर जे होते ते येथे झाले. घरातील भाषा मराठी राहिली, कचेरीची आणि शाळेची हिंदी झाली, आणि उच्च विज्ञानाची भाषा तर आधीपासूनच इंग्रजी होती. जमिनीवर राहणारा एका भाषेत बोलतो आणि जमिनीचा कागद दुसऱ्या भाषेत असतो, ही स्थिती वकिलाच्या परिचयाची आहे. अशा वेळी पक्षकार अंगठा उठवितो आणि विचारतो, “साहेब, ह्यात लिहिले आहे तरी काय?” सौंसरच्या भूमीबाबत हाच प्रश्न मनात येतो.

ह्या भूमीत दोन निरनिराळ्या काळांचे पाषाण शेजारी नांदतात. पश्चिमेस, पांढुर्ण्याच्या अंगास, दख्खनचा काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याचे ते थर होत. कपाशीची आणि संत्र्याची काळी माती त्यांचीच. पूर्वेस मात्र त्या कातळाचे पांघरूण निघालेले आहे आणि त्याखालचे फार प्राचीन, शंभर कोटी वर्षांच्या जमान्यातील खडक उघडे पडले आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांस ‘सौंसर माला’ म्हणतात. ही माला छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत कमानीसारखी पसरली आहे. तिच्या थरांस नावेही गावांचीच दिलेली आहेत : सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिछुआ. रामटेकच्या यात्रेस जाणाऱ्यास मनसर ठाऊकच असते. ज्या गावी आपण चहासाठी थांबतो, त्या गावाच्या नावाने पृथ्वीच्या इतिहासाचे एक पान ओळखले जाते, ह्याची मात्र आपणांस बहुधा कल्पना नसते.

ह्या मालेतील धन म्हणजे मँगनीज. १९०२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात दाखल झालेल्या लुई ली फर्मोर ह्या तरुण इंग्रजाने देशभरच्या मँगनीजच्या खाणी पाहून १९०९ साली एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची पृष्ठसंख्या हजारांहून अधिक आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील काच्छीढाणा, गोवारी वढोणा, सीतापार अशी गावे त्यात आली आहेत. खाणीतील धातुपाषाणाजवळ सापडणाऱ्या एका खडकास फर्मोरने ‘गोंडाइट’ हे नाव दिले. ज्या गोंड लोकांच्या भूमीत तो सापडला, त्यांचे नाव त्याने खडकास लावले.

गोंडाइट फोडून पाहिला तर त्यात मुख्यत्वे दोन खनिजे दिसतात. एक गारेचा दगड, म्हणजे क्वॉर्ट्झ. हा शब्द जर्मन खाणकामगारांच्या बोलीतून जगभर गेला. दुसरे मँगनीजयुक्त गार्नेट. त्याचे नाव ‘स्पेसार्टीन’, आणि ते बव्हेरियाच्या सीमेवरील स्पेसार्ट ह्या डोंगराळ अरण्यावरून पडले आहे. म्हणजे बाहेरचे नाव गोंडांचे आणि आतील दोन्ही नावे जर्मनीची! त्याच्या शेजारच्या धातुपाषाणात ब्राउनाइट असते. ते गोथा येथील फॉन ब्राउन नामक अधिकाऱ्याच्या नावाचे. क्वचित हाउसमनाइट असते. ते गॉटिंगन विद्यापीठातील खनिजशास्त्राचे प्राध्यापक हाउसमन ह्यांच्या नावाचे. ह्याचे कारण उघड आहे. खनिजविद्येचे गुरुकुल जर्मन भूमीत होते. सॅक्सनीतील फ्रायबेर्ग येथे १७६५ सालीच खाणविद्येची अकादमी स्थापन झाली होती आणि युरोपभरचे विद्यार्थी तेथे जात. जो शाळा काढतो त्याची परिभाषा चालते, हा व्यवहार आमच्या न्यायशास्त्रातही दिसतोच.

आता सीतापारच्या दाव्याकडे वळू. फर्मोरला सीतापार येथील खाणीत एक काळसर, धातूसारखी चमक असलेले खनिज सापडले. त्यात मँगनीज व लोह ह्यांच्याबरोबर थोडा चुनाही आढळला. ते आजवर नोंदलेल्या कोणत्याही खनिजासारखे नाही असे वाटून त्याने त्यास ‘सीतापाराइट’ असे नाव दिले. एका लहानशा खेड्याचे नाव जगातील खनिजांच्या सूचीत दाखल झाले. परंतु त्याआधी बारा वर्षे, १८९७ साली, अमेरिकेतील युटा प्रांतात सापडलेल्या एका खनिजास पेनफील्ड आणि फूट ह्या दोघांनी ‘बिक्सबाइट’ हे नाव दिले होते. त्यातही मँगनीज आणि लोह होते, पण प्रमाण निराळे होते. दोन निराळ्या देशांत, दोन निराळ्या प्रमाणांत सापडलेली ही खनिजे दोन की एक, हा वादाचा मुद्दा होता.

ह्या प्रश्नाचा निर्णय नुसत्या पृथक्करणाने होण्यासारखा नव्हता. त्यासाठी एक नवे शास्त्र लागले, ते म्हणजे भूरसायन. ‘गेओखेमी’ हा शब्द प्रथम १८३८ साली शोनबाइन ह्या बाझेल येथील जर्मन रसायनज्ञाने योजला होता. परंतु त्या शब्दास शास्त्राचे रूप दिले ते व्हिक्टर मोरिट्झ गोल्डश्मिट ह्यांनी. झुरिचमध्ये १८८८ साली जन्मलेले आणि नॉर्वेत वाढलेले हे ज्यू विद्वान ऑस्लो येथे प्राध्यापक होते. १९२३ पासून १९३८ पर्यंत त्यांनी जर्मन भाषेत एक लेखमाला प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘गेओखेमिशे फेरटाइलुंग्सगेझेत्से डेर एलेमेंटे’. हा लांबलचक शब्द पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्याचा विग्रह संस्कृत जाणणारास सहज जमेल. ‘फेरटाइलुंग’ म्हणजे वाटणी, ‘गेझेत्स’ म्हणजे कायदा. दोन्ही मिळून वाटणीचे कायदे, असा सरळ षष्ठी तत्पुरुष. मूलद्रव्यांच्या भूरासायनिक वाटणीचे कायदे! वकिलास ह्याहून ओळखीचे शीर्षक कोणते असणार?

आणि ती वाटणी खरोखर कायद्याने चालते. पृथ्वीच्या कवचात मँगनीज सरासरीने हजारात एक भाग इतकेच आहे. बहुतेक ठिकाणी ते लोह-मॅग्नेशियमच्या खनिजांत लपून राहते. ह्याचे कारण गोल्डश्मिट ह्यांनी दाखविले. स्फटिकाच्या रचनेत प्रत्येक अणूसाठी ठराविक आकाराची जागा असते. ज्यांचा आकार आणि विद्युत्भार जवळपास सारखा, ते एकमेकांच्या जागी बसू शकतात. मँगनीज आणि लोह हे असे सख्खे भाऊबंद आहेत. तेव्हा एकाच घरात एका ठिकाणी थोरल्याचा वाटा अधिक आणि दुसऱ्या ठिकाणी धाकट्याचा अधिक, असे झाले तरी घर निराळे होत नाही. मग खाणीत शेकडा चाळीस-पन्नास मँगनीज एकवटते कसे? प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात हे दोघेही विरघळतात; प्राणवायू वाढू लागला की लोह आधी खाली बसते आणि मँगनीज पाण्यात टिकून पुढे जाते. जेथे प्राणवायू अधिक मिळतो तेथे मग तेही बसते. अशा रीतीने भावाभावांची फारकत होते. सौंसरच्या प्राचीन समुद्राच्या तळाशी हे घडले. पुढे पृथ्वीच्या पोटातील दाबाने आणि उष्णतेने त्या गाळाचे पाषाण झाले आणि वाळू-चिकणमाती मिसळलेल्या मँगनीजचा गोंडाइट झाला.

गोल्डश्मिट ह्यांचे एक शिष्य विली झकारियासन ह्यांनी १९२८ साली क्ष-किरणांच्या साह्याने बिक्सबाइटची अंतर्रचना तपासली आणि ती जर्मन भाषेत, जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केली. बिक्सबाइटमध्ये लोह आणि मँगनीज एकाच चौकटीत अदलाबदल करून बसतात, हे त्यांनी मांडले. १९३० साली लायनस पॉलिंग आणि शॅपेल ह्यांनी त्याच नियतकालिकात त्या रचनेत दुरुस्ती केली. शेवटी ब्रायन मेसन ह्या न्यूझीलंडच्या तरुणाने निकाल दिला. हा गोल्डश्मिट ह्यांच्याकडे ऑस्लोत शिकत होता. १९४० च्या एप्रिलात जर्मन सैन्य नॉर्वेत शिरल्यावर तो स्वीडनला गेला. तेथील लाँगबान ह्या खाणीतील बिक्सबाइटचा अभ्यास करून १९४२ साली त्याने दाखवून दिले की, बिक्सबाइट आणि सीतापाराइट ही दोन नावे एकाच खनिजाची आहेत. मग नाव कोणाचे राहावयाचे? मिळकत हस्तांतर कायद्याच्या ४८ व्या कलमाचे जे तत्त्व, तेच येथेही : ज्याचा हक्क काळाने आधीचा, तो वरचढ. १८९७ चे नाव राहिले, १९०९ चे गेले.

सीतापारचे दुर्दैव एवढ्यावर संपले नाही. १९१० साली स्मिथ आणि प्रायर ह्यांनी त्याच सीतापारच्या एका दुर्मिळ खनिजास फर्मोरच्या गौरवार्थ ‘फर्मोराइट’ हे नाव दिले होते. हे नाव शंभर वर्षे चालले. २०१० साली त्या वर्गातील खनिजांच्या नामावलीची आंतरराष्ट्रीय फेरतपासणी झाली, तेव्हा त्याचाही स्वतंत्र दर्जा गेला आणि ते ‘जॉनबाउमाइट’ ह्या खनिजाचा एक प्रकार ठरले.

हे निकाल अन्यायाचे होते काय? मुळीच नव्हेत. पुरावा पाहता दुसरा निर्णय देणे शक्यच नव्हते, आणि गावाच्या अभिमानासाठी सत्याविरुद्ध अपील करणे हे वकिलासही शोभत नाही. खंत निराळी आहे. सीतापाराइटच्या दाव्यातील पाचही कागदांवरून पुन्हा एकदा नजर फिरवा : अमेरिकन, इंग्रज, नॉर्वेजियन, पुन्हा अमेरिकन आणि न्यूझीलंडचा. दगड सौंसरचा होता. तो कागद लिहिणाऱ्यांत सौंसरचा कोणी नव्हता. इतकेच काय, १९२८ चा निर्णायक कागद वाचावयाचा तर भूरसायनाबरोबर जर्मनही येणे आवश्यक होते. त्या काळी अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत विज्ञानाच्या डॉक्टर पदवीसाठी जर्मनचे वाचनापुरते ज्ञान असल्याची परीक्षा द्यावी लागे, त्याचे कारण हेच. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास ‘डेर, डी, दास’ घोकावयास लावणे ही कोणाची लहर नव्हती. कागद वाचता यावा, एवढाच तिचा हेतू होता.

येथे वाचक म्हणतील की, आमच्या लोकांस हे जमलेच नसते. त्यांस गॉटिंगनचीच दुसरी गोष्ट सांगावयास हवी. ज्या गॉटिंगनात हाउसमन शिकवीत, आणि जेथे १९२९ ते १९३५ पर्यंत गोल्डश्मिट प्राध्यापक होते, त्याच गॉटिंगनात फ्रान्झ कीलहॉर्न हे संस्कृतचे अध्यापक होते. ते १८६६ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते आणि पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते. त्याच विद्यापीठाने १८८५ साली मालवणच्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. भांडारकर हे काही युरोपीय पंडितांचे आज्ञाधारक शिष्य नव्हते. ज्यांच्याशी मतभेद झाला त्यांचे प्रमाण ते निःसंकोचपणे खोडीत. त्यांच्या मागून विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिजात गणित शिकले, मग बर्लिनला ल्यूडर्स ह्यांच्या हाताखाली जर्मन पाठचिकित्सा शिकले, आणि परत येऊन १९२५ पासून त्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे प्रमुख संपादकत्व सांभाळले. महाभारताच्या पाठाविषयी वाद निघाला तर आज जगातील विद्वान पुण्याची प्रत उघडतात. आपल्या ग्रंथाचा कागद आपण परक्याची विद्या शिकून आपल्या हाती परत घेतला. दगडाच्या बाबतीत आम्ही मराठी माणसांनी तेवढे केले नाही.

भारतीयांनी मात्र केले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. जादवपूर विद्यापीठाचे सुप्रिय रॉय ह्यांनी सौंसर पट्ट्यातील मँगनीजवर आयुष्य वेचले आणि १९८१ साली जगातील मँगनीजसाठ्यांवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिला. सागर येथे विख्यात कायदेपंडित हरिसिंग गौर ह्यांनी आपली वकिलीची कमाई ओतून १९४६ साली विद्यापीठ स्थापिले. सौंसरच्या खडकांचे जाणकार डब्ल्यू. डी. वेस्ट सर्वेक्षण खात्याच्या संचालकपदावरून निवृत्त झाल्यावर तेथेच भूशास्त्र शिकवावयास गेले. १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशात खनिजांवर आणि खडकांवर चांगले लेख आहेत. पाया अगदीच नाही असे नव्हे.

आणि मराठी मुलास जर्मन अवघड जाईल ही भीती तर निराधार आहे. जर्मनमध्ये लिंगे तीन आहेत. हिंदी शिकलेल्या मुलास नपुंसकलिंग नवे वाटेल, परंतु मराठी आणि कोकणी ह्या दोन्ही भाषांनी ते संस्कृतपासून जपून ठेवले आहे. तेव्हा ‘दास’ कोठे लावावयाचे हे पाठ करावे लागले तरी ‘दास’ कशासाठी असते हे त्यास समजावून सांगावे लागत नाही. विभक्ती चार आहेत. आठ शिकलेल्यास चारांचे भय कसले? गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हे इंग्रजास विचित्र वाटते, आम्हांस घरचे वाटते. इंग्रज ‘वीस-एक’ म्हणतो. जर्मन म्हणतो ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे एक आणि वीस, अगदी आपल्या ‘एकवीस’सारखे. ‘इस्ट’ म्हणजे आहे, त्यात ‘अस्ति’ ऐकू येते. समासांची लांबी तर बाणभट्टाच्या वाचकास हसू आणील.

कोणी असेही विचारील की, आता जर्मनची गरजच काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गोल्डश्मिट ह्यांच्याच चरित्रात आहे. नाझी राजवटीत ज्यूंचा छळ सुरू झाल्यावर १९३५ साली त्यांनी गॉटिंगन सोडले. १९४२ साली नॉर्वेत त्यांस अटक झाली, हद्दपारीच्या दारातून ते वाचले, स्वीडनमार्गे इंग्लंडला पोचले आणि १९४७ साली ऑस्लोत निवर्तले. त्यांचा मोठा ग्रंथ मृत्यूनंतर १९५४ साली इंग्रजीत निघाला. त्यापूर्वीच, १९५२ साली, त्यांचा शिष्य मेसन ह्याचे भूरसायनाच्या तत्त्वांवरील पाठ्यपुस्तक इंग्रजीत येऊन पिढ्यान्‌पिढ्यांचे पहिले पुस्तक झाले होते. ज्या भाषेने आपल्या थोर पंडितास हाकलले, त्या भाषेतून ते शास्त्रही निघून गेले. विद्या ही कोणत्याही भाषेची वतनदार नाही. तिचा सन्मान होतो तेथे ती राहते. म्हणून आज नवे शोध इंग्रजीत वाचता येतात. परंतु जुन्या दाव्याचे मूळ कागद अद्याप जर्मनमध्येच आहेत, आणि मूळ कागद न पाहता युक्तिवाद करणाऱ्या वकिलावर न्यायाधीश किती विश्वास ठेवतो, हे सांगावयास नको.

तेव्हा ह्या मासिकाच्या वाचकांस एक विनंती. आपल्या देवस्थानांकडून दरवर्षी विद्यार्थ्यांस वेतने दिली जातात. त्यांत एखादे वेतन असे असावे की, सौंसर-पांढुर्ण्याकडील एखाद्या मुलाने वा मुलीने भूरसायन शिकावे, वर्षभर जर्मनची मुळाक्षरे गिरवावीत, आणि परत येऊन सीतापारच्या दगडाची हकीकत शुद्ध मराठीत, गावातल्या माणसास कळेल अशी लिहावी. नाव गेले ते परत येणार नाही, आणि येऊही नये. ‘गोंडाइट’ मात्र अद्याप टिकून आहे, सौंसर मालाही टिकून आहे. त्या नावांखाली काय लिहिले आहे, हे पुढच्या वेळी सीतापारच्या माणसाने दुसऱ्यास विचारू नये, स्वतः वाचून सांगावे.